शाल-श्रीफळापलीकडचा गौरव

दरवर्षी १० ऑक्टोबर जवळ आला की जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभाग, समाजाधारित मानसिक आरोग्य केंद्रे आणि पुनर्वसनगृहे यांच्यात एक लगबग सुरू होते. जागतिक मानसिक आरोग्य महासंघाने १९९२ पासून हा दिवस पाळण्याची प्रथा घातली. आपल्याकडे ती चांगली रुजली आहे. मंडप उभा राहतो, रांगोळी निघते, भित्तिपत्रके लागतात, उपचार घेणाऱ्यांनी रंगविलेल्या पणत्या विक्रीला मांडल्या जातात. प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलन करतात, देणगीदारांना शाल आणि श्रीफळ दिले जाते आणि आभारप्रदर्शनाने सोहळ्याची सांगता होते. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांच्या वाट्याला बहुधा स्वागतगीत तेवढे येते. हा गौरव नेमका कुणाचा, असा प्रश्न अशा वेळी पडावा, हे स्वाभाविक आहे.

समारंभांची कुचेष्टा करण्याचा येथे हेतू नाही. किंबहुना मनाच्या आजाराच्या बाबतीत समारंभाला जेवढे महत्त्व आहे, तेवढे क्वचितच अन्य कोणत्या आजाराच्या बाबतीत असेल. विषमज्वरातून उठलेल्या माणसाला भेटायला शेजारीपाजारी फळे घेऊन येतात. मनोरुग्णालयातून परतलेल्या माणसाच्या घराचे दार मात्र अर्धवटच उघडते. मुलीचे लग्न जमायचे आहे, धाकट्याची नोकरी पक्की व्हायची आहे, अशा कारणांनी आजार झाकला जातो आणि त्याच्याबरोबर बरे होणेही झाकले जाते. बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत प्रत्येक टप्प्याचा सोहळा करणाऱ्या समाजात मनाच्या आजारातून सावरण्याचा तेवढा सोहळा नाही. अशा स्थितीत एखादे केंद्र चारचौघांसमोर एखाद्या व्यक्तीच्या प्रगतीची नोंद घेते, तेव्हा ते उपचाराचेच काम करीत असते.

हे ज्यांनी ओळखले त्यांची उदाहरणे जुनी आहेत. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या चळवळीत मद्यमुक्तीचे महिने आणि वर्षे मोजण्याची, त्यांचे वाढदिवस साजरे करण्याची प्रथा पडली. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली ‘फाउंटन हाउस’ उभे राहिले. त्याची मुळे मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या काही व्यक्तींनी एकमेकांना दिलेल्या आधारात होती. तेथे येणारा ‘रुग्ण’ नसतो, ‘सभासद’ असतो. स्वयंपाकघरापासून कार्यालयापर्यंतची कामे सभासद आणि कर्मचारी मिळून करतात आणि बाहेरच्या आस्थापनांत सभासदांना पगारी काम मिळवून दिले जाते. या दोन्ही प्रयोगांत गौरव करणारा आणि गौरव स्वीकारणारा एकाच पंक्तीत बसतो. तेथे उपकाराची भावना नसते, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य होय.

आपल्याकडेही ही परंपरा अगदीच परकी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहण्यास सांगितले. आजारी माणसाला कुटुंबापासून तोडून बरे करता येत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. १९७०च्या दशकात बंगळूरजवळील सकलवाडा आणि चंडीगडजवळील रायपूर राणी येथे खेड्यांतच मानसोपचार नेण्याचे प्रयोग झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला, बेळ्ळारी जिल्ह्यात त्याची कसोटी पाहिली गेली आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला. आज तो ७००हून अधिक जिल्ह्यांत, निदान कागदोपत्री तरी, पोहोचला आहे. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी सुरू केलेले ‘मुक्तांगण’, चेन्नईत १९८४ मध्ये डॉ. शारदा मेनन यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘स्कार्फ’ ही संस्था आणि रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून घरी पोहोचविणारे कर्जतचे ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्र ही नावे सर्वपरिचित आहेत. डॉ. मेनन यांना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि ‘श्रद्धा’चे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. हे सन्मान सर्वथैव उचितच होते.

परंतु शिखरावरच्या सन्मानांमुळे पायथ्याशी काय चालले आहे याचा विसर पडू नये. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने केलेला एक अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या साहाय्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या उदासीनता आणि चिंता यांच्या रुग्णांना लक्षणीय लाभ होतो, असे त्यातून दिसून आले. म्हणजे या क्षेत्राचा खरा भार उचलू शकतात ती सामान्य शिक्षणाची, शेजारच्याच गल्लीत राहणारी माणसे. त्यांना आपण काय देतो? जिल्हा कार्यक्रमातील समाजसेवक आणि परिचारिका अनेक ठिकाणी कंत्राटावर आहेत. मनाचे आजार ओळखण्याचे काम ज्यांच्याकडे आता सोपविले जात आहे, त्या ‘आशा’ कार्यकर्त्यांना २००५ पासून स्वयंसेविका मानून मानधन दिले जाते, वेतन नव्हे. वर्षातून एकदा गुलाबपुष्प आणि प्रशस्तिपत्रक देऊन ही उणीव भरून काढता येत नाही. ज्या श्रमाची किंमत द्यायची नसते, त्याची स्तुती अधिक होते, हा अर्थव्यवहारातला जुना अनुभव आहे.

हीच गोष्ट उपचार घेणाऱ्यांच्या श्रमालाही लागू पडते. प्रदर्शनातील पणत्या, कागदी पिशव्या आणि मेणबत्त्या यांचे कौतुक होते. त्या सहानुभूतीपोटी विकतही घेतल्या जातात. पण त्या बनविणाऱ्याच्या हातात किती पैसे पडले, असे कोणी विचारत नाही. वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २०व्या कलमानुसार मानसिक आरोग्य संस्थेतील व्यक्तीवर कामाची सक्ती करता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळण्याचा तिला हक्क आहे. स्वतःच्या कमाईतून आईसाठी साडी घेऊन जाणारा मुलगा घरात ज्या मानाने वावरेल, तो मान त्याला कोणतेही पदक मिळवून देऊ शकणार नाही.

छायाचित्रांचेही असेच आहे. समारंभाची बातमी छायाचित्रावाचून अपुरी वाटते. पण याच कायद्याच्या २४व्या कलमान्वये उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही. व्यासपीठावर स्वेच्छेने येऊन आपली कथा सांगणारा माणूस कलंकावर घाव घालतो, परंतु न विचारता व्यासपीठावर आणलेला माणूस केवळ प्रदर्शनाची वस्तू होतो. या दोहोंतील अंतर आयोजकांनी ओळखलेच पाहिजे. गौरव नाकारण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याचा गौरव होऊच शकत नाही.

समारंभाच्या दिव्यांच्या झगमगाटात आकडे दिसेनासे होतात, म्हणून तेही सांगितले पाहिजेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांचा अभ्यास झाला. त्यानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारांच्या प्रकारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. केंद्राच्या आरोग्य अंदाजपत्रकात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास घुटमळतो आणि त्यातील मोठा भाग राष्ट्रीय संस्थांकडे जातो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ दूरध्वनी सेवेने मदतीचा एक मार्ग खुला केला, हे मान्य केले तरी फोन ठेवल्यावर जवळपास जावे असे केंद्र नसेल, तर तो मार्ग अर्ध्यातच संपतो. उपचारांच्या अभावी काय घडते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. ते तेथे होते, कारण त्यांना अन्यत्र कोठे जागा नव्हती.

मग समारंभ करावेत की नाही? अवश्य करावेत. पण त्यांचा रोख बदलावा. कार्यक्रमाची आखणी करणाऱ्या समितीत उपचार घेणाऱ्या व्यक्ती आणि त्यांचे नातेवाईक असावेत. सत्कार कोणाचा करावा हे त्यांनीही ठरवावे. पहिल्या रांगेतील खुर्च्या त्यांच्यासाठी राखाव्यात. वर्षभर कामावर टिकून राहिलेली व्यक्ती, बहिणीचे औषध एकदाही न चुकविणारा भाऊ, गाव पालथे घालून रुग्ण शोधणारी कार्यकर्ती ही माणसे गौरवास पात्र आहेत. तालुक्याच्या ठिकाणचे मालक, मुख्याध्यापक आणि बँकेचे व्यवस्थापक यांना केवळ भाषणासाठी न बोलावता, एक तरी जागा देण्याचे वचन त्यांच्याकडून घ्यावे. आणि प्रत्येक समारंभात वर्षाचा हिशेब वाचून दाखवावा: किती जण उपचारांस आले, किती मधेच थांबले, किती कामाला लागले, औषधे किती दिवस उपलब्ध नव्हती. असा हिशेब ऐकण्याची पाळी आली, तर प्रमुख पाहुण्यांनाही तयारी करून यावे लागेल.

२०१७ च्या कायद्याच्या १९व्या कलमाने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने त्याला संस्थेत डांबून ठेवता येणार नाही. पण कायदा घराचे अर्धवट उघडलेले दार पूर्ण उघडू शकत नाही. ते काम शेजाऱ्यांचे, शिक्षकांचे, कचेरीतील सहकाऱ्यांचे आहे. मंडप उतरल्यावर, ११ ऑक्टोबरच्या सकाळी, त्या माणसाला कचेरीत कोणी आपल्या डब्यातली भाजी पुढे केली आणि कालच्या कामाविषयी दोन शब्द विचारले, तर तो गौरव वर्षभर पुरेल.