वर्खाच्या शहरातलं जडावकाम

१४ मार्च २०१५ला शिंकानसेन ही जपानी वेगवान रेल्वे कानाझावाला पोहोचली, त्याला दहा वर्षं होऊन गेली. या दहा वर्षांचा हिशेब मांडताना लोक पर्यटक मोजतात. हिगाशी चाया वस्तीत सोन्याचा वर्ख लावलेलं आइसक्रीम धरून फोटो काढणारी रांग मी पाहिली आणि मन विटलं. हे शहर खरं ओळखायचं ते धातूत धातू जडवणाऱ्या हातांमुळे.

इथल्या माएदा सरदारांचा काळ, त्यांनी पोसलेले कारागीर, कागा प्रांताच्या जडावाने नटलेल्या रिकिबी हे सगळं पुस्तकांत आहे. सामुराई गेले, १८७६मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तेच हात परदेशी पाठवायच्या फुलदाण्या घडवू लागले.

मी कानाझावात राहिलो ते २००४ ते २०१५. त्याच २००४मध्ये जडावकाम करणारे नाकागावा मामोरू यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा जपान सरकारचा मान मिळाला. जन्म कानाझावाचाच. आधी सान्यो कंपनीत डिझाइनर; गावी परतल्यावर जुन्या रिकिबी पाहून भारावले आणि ताकाहाशी काइशू यांच्याकडे शिकू लागले. तेव्हा ही विद्या जाणणारे मोजकेच उरले होते.

नाकागावांच्या फुलदाणीसमोर मी तासन्‌तास उभा राहिलो आहे. छिन्नीने खोबण कोरायची, तीही तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. तुकडा ठोकून बसवला की तो आत पसरतो आणि अडकतो. डाख नाही, गोंद नाही. मग त्या बसवलेल्या धातूतच पुन्हा खोबण, पुन्हा तिसरा धातू. कानशीने सगळं सपाट केल्यावर रंग जेमतेम कळतात. शाकुदो, म्हणजे थोडं सोनं मिसळलेलं तांबं, साध्या तांब्यासारखंच दिसतं. रसायनात उकळल्यावर ते जांभळट काळं होतं, शिबुइची, म्हणजे तांबं-चांदीचं मिश्रण, राखाडी होतं आणि मग सांजेचं आकाश, पाण्यावरचा उजेड उमटतो. तोवर सारं चित्र कारागिराच्या डोक्यातच असतं.

याच कामाला तिथल्या एका कलादालनाच्या प्रमुखाने माझ्यासमोर ‘शोभेची वस्तू’ म्हटलं होतं. इकडे पुण्याच्या एका संपादकाने माझा लेख परत पाठवला: आपल्या वाचकाला त्याचं काय? मराठवाड्याला लागून बीदर आहे. तिथले कारागीर जस्ताच्या मिश्रधातूत चांदी ठोकतात आणि किल्ल्यातल्या मातीने तो धातू काळा करतात. ती बिदरी घरात मिरवणाऱ्या वाचकाला याचं काहीच नाही? मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

२०२०मध्ये राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय तोक्योहून कानाझावाला आलं. चांगलं झालं. पण काचेमागे फुलदाणी ठेवल्याने छिन्नी धरणारा नवा हात तयार होत नाही. या विद्येला दहा-दहा वर्षांची उमेदवारी लागते, आणि तेवढी वर्षं पोट कशावर भरायचं, हा प्रश्न वर्ख विकणाऱ्या शहराने कधी मनावर घेतलेला मला दिसला नाही. मानकऱ्याला कला जपायला आणि शिष्य घडवायला सरकार वर्षाला २० लाख येन देतं. त्यात एका शिष्याचाही नीटसा पगार निघत नाही. गर्दीवर कमावणाऱ्या कानाझावाने तो पगार आता स्वतःच्या खिशातून द्यावा.