धबधबा नसलेल्या बेटाचे पाणी

भूरूपशास्त्र, म्हणजे जमिनीचे आकार कसे घडतात आणि कसे झिजतात याचा अभ्यास करणारी विज्ञानशाखा, धबधब्याकडे नदीच्या वाटेतील एक तात्पुरता टप्पा म्हणून पाहते. वर कठीण आणि खाली ठिसूळ अशी खडकांची मांडणी असली, की पाणी खालचा थर आधी पोखरते, वरचा थर काही काळ अधांतरी पुढे आलेला राहतो, मग स्वतःच्याच भाराने तुटून पडतो आणि कडा थोडासा मागे सरकतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांतून घडलेल्या सह्याद्रीत ही मांडणी जागोजागी आढळते; घट्ट बसाल्टच्या दोन थरांमध्ये सच्छिद्र खडकाचा किंवा तांबड्या मातकट खडकाचा पट्टा असतो आणि कड्याच्या पायथ्याचा डोह याच पट्ट्यात कोरला जातो. माळशेजचा काळू, ठोसेघर किंवा भिऱ्याजवळचे देवकुंड येथवर जाणारी वाट दमवणारी असते ती याच पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेमुळे.

धबधब्याला अशा रीतीने तीन गोष्टी लागतात: भरपूर पाऊस, उंचीतील अचानक तफावत आणि असमान झिजणारा खडक. बहरीनमध्ये पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ नाहीतच. हा द्वीपसमूह 26 अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्याही वर असल्याने काटेकोर अर्थाने उष्णकटिबंधात मोडत नाही. महाबळेश्वरी जेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो, तेथे बहरीनच्या वाट्याला सत्तर-ऐंशी मिलिमीटर येतो आणि तोही हिवाळ्यात, भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकणाऱ्या त्याच पश्चिमी झंझावातांच्या कृपेने, जे पुढे काश्मीरला बर्फ देतात. मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे 50 किलोमीटर लांब आहे आणि त्यावरील सर्वोच्च ठिकाण असलेला जबल दुखान जेमतेम 134 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या साधारण बाराव्या हिश्श्याइतका उंच आहे. देशात बारमाही नदी एकही नाही.

तरीही तंबू ठोकून मुक्काम करण्याची आणि पायी भटकण्याची हौस बहरीनी समाजात मुरलेली आहे. हिवाळ्यात साखीरच्या माळावर सरकारी परवानगीने तंबूंचा हंगाम भरतो, तेलवाहिन्यांच्या आजूबाजूला तंबूंच्या वसाहती उभ्या राहतात आणि काही आठवडे हा उजाड प्रदेश गजबजून जातो. वेळेवर पाऊस झाला तर याच माळावर ‘फगा’ शोधत फिरणारे लोक दिसतात. फगा हे जमिनीखाली वाढणारे खाद्य कवक असून ते वाळवंटातील लहान झुडपांच्या मुळांशी सहजीवनाने जोडलेले असते, म्हणजे मुळांना पाणी व खनिजे मिळवून देते आणि बदल्यात त्यांच्याकडून साखर घेते. जमिनीला पडलेली बारीक भेग हीच त्याची खूण असते. पावसाचे दृश्य फळ येथे एवढेच.

साखीरहून पूर्वेकडे चालत गेल्यास चढ इतका मंद असतो की तो पायांना जाणवतही नाही, आणि मग एकाएकी जमीन तुटून समोर एक विस्तीर्ण खोलगट भाग येतो, ज्याच्या मधोमध जबल दुखान उभा आहे. हे दृश्य ज्वालामुखीच्या मुखासारखे वाटले तरी त्याचे कारण अगदी वेगळे आहे. बहरीनचे मुख्य बेट म्हणजे चुनखडक आणि डोलोमाइट (चुनखडकाचाच मॅग्नेशियमयुक्त भाऊबंद) यांच्या थरांची वर उचललेली घडी आहे. घडीचा माथा ताणाने भेगाळला, तेथील खडक आधी झिजून गेला आणि कडेचे थर आतल्या बाजूला तोंड करून उभ्या राहिलेल्या बुटक्या कड्यांच्या रूपाने उरले. असमान झिजणारा खडक, ही तिसरी अट, येथे पुरी होते. कडे आहेत, त्यांवरून पडायला पाणी नाही. या खोलगट भागापासून जवळच वाळूच्या उंचवट्यावर चारशे वर्षांहून जुना मानला जाणारा एकटा वृक्ष आहे. पर्यटक त्याला ‘जीवनवृक्ष’ म्हणून भेट देतात आणि तो जगतो कसा याविषयी गूढ कथा सांगितल्या जातात; वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो शमी आहे, महाराष्ट्रात दसऱ्याला पुजली जाणारी तीच शमी, आणि खोलवर मुळे धाडून कोरड्या प्रदेशात तग धरणे हा या जातीचा स्वभावच आहे.

खरा कोसळणारा धबधबा पाहायचा तर आखातातील रहिवाशांना अरबी द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाकडे, ओमानच्या धोफार प्रांतात जावे लागते, आणि उन्हाळ्यात पुष्कळ लोक जातातही. धोफारचे मुख्य शहर सलाला हे जवळपास रत्नागिरीच्याच अक्षांशावर आहे. कोकणावर आदळणारे नैर्ऋत्य मोसमी वारे त्याच्या किनाऱ्यालगत वाहताना समुद्राचे पृष्ठजल बाजूला ढकलतात, खालचे थंड पाणी वर येते, त्यावरील दमट हवा गारठते आणि डोंगरांवर तीन महिने धुके व झिमझिम टिकते. झाडांची पाने हे धुके अक्षरशः गाळून घेतात. पर्जन्यमापकात न मोजले जाणारे हे पाणी जंगलाला मोठा हातभार लावते. तेथील वादी दर्बातच्या सुमारे 100 मीटर उंच कड्यावरून, चांगल्या हंगामात किंवा मे 2018 मधील मेकुनूसारख्या चक्रीवादळानंतर, पाणी खाली झेपावते. या कड्याची गंमत अशी, की तो पाण्याने कोरलेला नसून पाण्यानेच बांधलेला आहे: चुनखडकातून आलेल्या पाण्यातील कर्बवायू बाहेर पडला की विरघळलेला चुना कड्यावर साचतो आणि ट्रॅव्हर्टीन नावाचा खडक तयार होतो. सह्याद्रीचा धबधबा आपला कडा खात मागे सरतो, दर्बातचा धबधबा तो वाढवत पुढे येतो.

बहरीनपर्यंत मोसमी वारा हे दान पोचवत नाही. तेथे उन्हाळ्यात वायव्येकडून कोरडा ‘शमाल’ वाहतो. मग पाच हजार वर्षांपासून या बेटावर दाट वस्ती, खजुराच्या बागा आणि जहाजांना पाणी पुरवणारे बंदर कसे नांदले, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर असे, की धबधब्याला लागणारी उंची बहरीनमध्ये नसली तरी ती अन्यत्र आहे. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात, बहरीनपेक्षा शेकडो मीटर उंचावर, हेच चुनखडकाचे थर उघडे पडलेले आहेत आणि तेथे मुरलेले पाणी थरांच्या उतारावरून पूर्वेला, समुद्राच्या तळाखालून, बहरीनकडे सरकत येते. पाणी साठवणाऱ्या व वाहू देणाऱ्या अशा खडकाला जलधर म्हणतात. दम्माम या नावाने ओळखला जाणारा हा जलधर वरून चिकणमातीच्या व मार्लच्या (चुनायुक्त मातीच्या) अभेद्य थरांनी झाकलेला असल्यामुळे आतील पाण्यावर दाब राहतो. कड्यावरून पडताना पाण्याची जी उंची गतीत बदलते, तिचा मोठा भाग येथे खडकाच्या बारीक फटींतील घर्षणात खर्ची पडतो आणि उरलेला दाब जेथे भेग सापडेल तेथे पाण्याला वर ढकलतो. घडीमुळे बहरीनचे थर भेगाळलेले असल्याने बेटाच्या उत्तर भागात या पाण्याला वाटा मिळाल्या.

या प्रवाहाचे मान लहान नव्हते. 1965 पूर्वीच्या स्थिर अवस्थेत जलधरातून बहरीनला येणारे पाणी वर्षाला सुमारे 11 कोटी 20 लाख घनमीटर असावे, असा अंदाज तज्ज्ञांनी मांडला आहे. सरळ भागाकार केला तर तो सेकंदाला साधारण साडेतीन हजार लिटर होतो. पावसाळा सरताच आटणाऱ्या सह्याद्रीतील बहुतेक धबधब्यांच्या तुलनेत हा बारमाही प्रवाह होता, फक्त तो एका कड्यावर एकवटलेला नव्हता आणि त्याची दिशा खालून वर होती. हे पाणी बहुतांशी हजारो वर्षांपूर्वीच्या, अरबस्तान आजच्यापेक्षा ओलसर असतानाच्या काळात मुरलेले असल्यामुळे त्याला जीवाश्म पाणी म्हटले जाते. ते ‘गोडे’ म्हणायचे तेही तुलनेनेच, कारण लिटरमागे दोन ग्रॅमांहून अधिक क्षार त्यात असतात. भोवतीच्या समुद्रात मात्र ते प्रमाण चाळीस ग्रॅमांच्या पुढे जाते.

झरे केवळ जमिनीवरच नव्हते. मुहर्रक बेटाच्या आसपास उथळ समुद्राच्या तळातूनही गोडे पाणी उफाळत असे आणि मोती काढणारे पाणबुडे चामड्याची पखाल घेऊन बुडी मारत, तिचे तोंड झऱ्यावर धरून ती भरत आणि वर येत. खाऱ्या पाण्याच्या खाली गोडे पाणी मिळणे हा चमत्कार वाटला तरी त्याचा हिशेब साधा आहे. आखाताचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण तीन टक्के जड असल्याने 10 मीटर खोलीवरील झऱ्याला समुद्राचा भार सारून बाहेर पडण्यासाठी जलधरातील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 30 सेंटिमीटर वर असली तरी पुरते, आणि बहरीनमध्ये ती कित्येक मीटर वर होती. ज्या मोत्यांचा व्यापार पुढे मुंबईच्या बाजारात होत असे, ते काढणाऱ्या गलबतांची तहान काही अंशी या झऱ्यांनी भागवली आहे.

प्राचीन मेसोपोटेमियातील लोक ज्या भूमीला दिल्मून म्हणत, ती प्रामुख्याने बहरीनची मानली जाते. एन्की हा भूगर्भातील गोड्या पाण्याचा देव दिल्मूनला जमिनीखालून पाणी मिळवून देतो, अशी सुमेरी पुराणकथा आहे, आणि ती रचणाऱ्यांनी निव्वळ कल्पनेवर भिस्त ठेवली नव्हती असे दिसते. 1954 पासून डॅनिश उत्खनकांनी बारबार या गावी इसवी सनपूर्व 2000 च्या आसपासचे मंदिर उघडे केले, त्यात पायऱ्या उतरून जाण्याचे एक दगडी कुंड झऱ्यावर बांधलेले होते. महाराष्ट्रातील गोमुखाशी आणि कुंडांशी परिचित असलेल्या वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. या मोहिमेचे एक नेते जेफ्री बिबी यांनी दिल्मूनचा शोध सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचवला.

जमिनीवरील झऱ्यांत मनामाजवळचा ऐन अधारी सर्वांत प्रसिद्ध. तो लांबच्यांना पाजतो आणि जवळच्यांना विसरतो, अशा अर्थाची म्हण बहरीनमध्ये रूढ आहे. आपल्याकडे अशा वेळी दिव्याखालच्या अंधाराची आठवण काढतात. म्हणीतील तक्रार अर्थात झऱ्याच्या स्वभावाची नसून उताराची आहे: झऱ्याच्या पातळीपेक्षा उंच असलेल्या शेजारच्या जमिनीला पाटाचे पाणी चढत नाही, दूरवरच्या सखल बागांना ते आपोआप पोचते.

या व्यवस्थेला पहिला धक्का लागला तो पाण्याच्याच शोधातून. फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या अभियंत्याने 1920 च्या दशकात बहरीनच्या शासकासाठी आर्टेशियन विहिरी, म्हणजे आतील दाबामुळे पंपाविना वाहणाऱ्या विहिरी खोदून दिल्या आणि त्या यशाच्या जोरावर 1925 मध्ये त्याला तेलशोधाचा परवाना मिळाला. त्याच परवान्याच्या आधारे पुढे अमेरिकी कंपनीने 1932 मध्ये जबल दुखानच्या पायथ्याशी तेल काढले, आखाताच्या अरबी किनाऱ्यावरील पहिले. तेलाने पैसा आणला, पैशाने पंप आणि वाढती वस्ती आली, आणि विहिरींची संख्या भराभर वाढली. विसाव्या शतकाच्या अखेरीस उपसा नैसर्गिक आवकेच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. दाबावर चालणाऱ्या झऱ्यांचे दुर्बल अंग येथे उघडे पडते: जलधर रिकामा व्हावा लागत नाही, आतील पातळी झऱ्याच्या तोंडाखाली काही हात उतरली तरी तो पूर्ण थांबतो. अधारीचा नैसर्गिक प्रवाह असाच थांबला; आज ते तळे एका मनोरंजन उद्यानाचा भाग आहे. पिण्याचे बहुतेक पाणी आता समुद्राचे पाणी निःक्षार करणाऱ्या प्रकल्पांतून येते.

उपसा कमी केला तर झरे परत येतील का, याचे उत्तर सौदी भूमीतील उपशावरही अवलंबून आहे, कारण जलधराला देशांच्या सीमा ठाऊक नसतात आणि वरच्या बाजूला काढलेले पाणी खाली पोचत नाही. शिवाय मुरण्याचा वेग आजच्या हवामानात इतका कमी आहे, की भरपाईची मुदत माणसाच्या हिशेबात बसत नाही. दरम्यान, दाब घटलेल्या भागात समुद्र किनाऱ्यालगतच्या जलधरात शिरू लागला आहे आणि खोल थरांतील अधिक खारे पाणी वर चढत आहे. खडकातील भेग पाणी बाहेर सोडते तशी आतही घेते, दिशा ठरते ती केवळ दोन बाजूंच्या दाबावरून. म्हणून दाब उलटला की समुद्रतळावरच्या जुन्या झऱ्यांची तोंडे खाऱ्या पाण्याला आत जाण्याच्या वाटा ठरू शकतात, आणि उत्तर किनाऱ्यावरील खजुराच्या बागा क्षारांनी कोमेजण्यामागे या शिरकावाचा मोठा वाटा आहे.