बोटं झडत नाहीत

महारोगाचा, म्हणजे कुष्ठरोगाचा, विषय निघाला की मराठीत एक क्रियापद ठरल्यासारखं येतं: झडणे. महारोग्याची बोटं झडतात, नाक झडतं. पिकलं पान देठापासून गळावं तसं माणसाचं अंग आपोआप गळून पडतं, असं पिढ्यान्‌पिढ्या समजलं गेलं. देवळाच्या पायऱ्यांवर चिंध्या गुंडाळलेले आखूड हात पाहून आपल्यातल्या बहुतेकांनी नजर वळवली, ती याच समजुतीपोटी. डॉक्टर मंडळीही फार वेगळं मानत नसत. ही समजूत चुकीची आहे, हे ज्यांनी पुराव्यानिशी दाखवलं त्या डॉ. पॉल ब्रँड यांची ही गोष्ट आहे.

ब्रँड यांचा जन्म 1914 चा, लहानपण तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात गेलं. आईवडील, जेसी आणि एव्हलिन, दोघंही मिशनरी. लहानपणचा एक प्रसंग पॉल यांनी पुढे लिहून ठेवला आहे. एकदा तीन महारोगी दारात आले. वडिलांनी मुलांना आत पाठवलं, हातमोजे चढवले आणि मग त्यांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या. ते गेल्यावर आईने त्यांच्या स्पर्शाच्या वस्तू जाळून टाकल्या. ही गोष्ट ख्रिस्ती करुणेचीही आहे, म्हणून हा प्रसंग मी मुद्दाम आधी सांगतो आहे. शुभवर्तमानातल्या कथेत येशू कुष्ठरोग्याला आधी हात लावतो आणि मग बरं करतो. ज्या समाजात अशा माणसाने वस्तीबाहेर राहायचं आणि ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडत चालायचं, तिथे तो हात म्हणजे रूढीलाच आव्हान होतं. पण रोज ही कथा वाचणाऱ्या, रोग्यांसाठी आयुष्य दिलेल्या घरातही हातमोज्यांची भीती होतीच. करुणा होती, ज्ञान नव्हतं.

वडील 1929 साली तापाने गेले. पॉल तेव्हा इंग्लंडमध्ये शिकत होते. आई मात्र म्हातारपणीही डोंगर सोडायला तयार झाली नाही. घोड्यावरून वाड्यावस्त्यांवर औषधं पोचवत ती वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत जगली. पॉल आधी गवंडीकाम आणि सुतारकाम शिकले, मग वैद्यक. सुताराचा हात पुढे शस्त्रक्रियेत फार उपयोगी पडला, असं मला वाटतं. तुटलेली वस्तू पाहिली की सुतार हळहळत बसत नाही, ती कुठून निखळली हे आधी बघतो.

1946 च्या अखेरीस ते वेल्लोरला आले. आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी 1900 साली तिथे सुरू केलेल्या दवाखान्याचं तोवर मोठं ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय झालं होतं. दुसऱ्या वर्षी कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन त्यांना चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात घेऊन गेले. शेकडो हात, बोटं पंजासारखी आत वळलेली. ब्रँड अस्थिशल्यविशारद; हे हात असे का होतात, असं त्यांनी विचारलं. कॉक्रेन त्वचारोगाचे माणूस. हाडांच्या एकाही डॉक्टरने या रुग्णांकडे अजून नीट पाहिलेलंच नाही, अशी त्यांची खंत होती. ब्रँड यांनी एका रुग्णाच्या वाकड्या पंजात आपला हात दिला आणि दाबायला सांगितलं. पकड इतकी घट्ट बसली की कळ आली. ज्या हाताला सगळे मेलेला म्हणत होते, त्यात ताकद शाबूत होती.

तिथून शोध सुरू झाला. मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात त्यांनी हातापायांच्या नसा खांद्यापासून टोकापर्यंत उलगडून पाहिल्या. त्या ठरावीक जागीच सुजलेल्या होत्या: कोपराशी, मनगटाशी, गुडघ्याच्या बाजूला. म्हणजे जिथे नस कातडीलगत येते आणि शरीर थोडं थंड असतं तिथे. कुष्ठरोगाच्या जंतूला थंड जागा मानवते. दंडातले आणि कोपराजवळचे काही स्नायू त्यामुळे वाचतात. मग वाचलेल्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, सोडवून लुळ्या बोटांना जोडता येईल का? बोट वाकवायला निसर्गाने दोन-दोन कंडरा दिल्या आहेत, त्यातली एक उसनी घ्यायची. पोलिओच्या रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया होत होत्या, कुष्ठरुग्णासाठी हे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

जागा मिळणंही सोपं नव्हतं. महारोगी दाखल केले तर बाकीचे रुग्ण पळतील, ही भीती ख्रिस्ती रुग्णालयालाही होती. सुरुवात झाली ती आवारातल्या मातीच्या भिंतींच्या एका कोठारात. टाके निघाले की खरी मेहनत सुरू व्हायची. ज्या कंडरेचं काम आता बदललं आहे, तिच्याकडून नवं काम करून घ्यायला मेंदूला शिकवावं लागतं. आठवडेच्या आठवडे व्यायाम, मालीश. आणि एक दिवस रुग्ण बोटांनी भाताचा घास उचलायचा.

मग अनपेक्षित तक्रार आली. बरे झालेले काही जण परत येऊन म्हणाले, हे हात भीक मागायला चालत नाहीत. वाकडा पंजा पाहून लोक पैसे टाकायचे, आता टाकत नाहीत. आणि काम किंवा खोली तर कुणीच देत नाही. ब्रँड यांना हे लागलं. पुढे त्यांनी ‘नव जीव निलयम’ ही वसाहत उभी केली. तिथे शस्त्रक्रिया झालेले तरुण सुतारकाम शिकत, लाकडी खेळणी करत. शिकवायला ब्रँड स्वतः असत.

याच वसाहतीत ‘झडण्या’चं कोडं सुटलं. एकदा कोठाराचं गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका मुलाने किल्ली घेतली आणि सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त ठिबकत होतं, मांस हाडापर्यंत कापलं गेलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता. जखमांचा हिशेब ठेवायला लागल्यावर प्रत्येक जखमेचं कारण हाती येऊ लागलं. कुणी निखाऱ्यातला बटाटा हाताने काढलेला, कुणी खिळा रुतलेल्या पायाने दिवसभर चाललेला. पण काही बोटं रात्रीतून नाहीशी व्हायची, त्याचं कारण सापडेना. पहारा ठेवला तेव्हा कळलं: झोपलेल्या रुग्णांची बोटं उंदीर कुरतडत होते. दुखत नसल्यामुळे जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर द्यायची पद्धत पडली.

बोटं झडत नव्हती. वेदना नाहीशी झाल्यामुळे ती जळत होती, कापली जात होती, कुरतडली जात होती. हा रोगाचा अटळ शेवट नव्हता, रोज संध्याकाळी हातपाय तपासून, मऊ रबराच्या चपला घालून तो टाळता येत होता. हे कळलं तेव्हा लाखो माणसांचं भविष्य बदललं.

वेदनेचं मोल ब्रँड यांना एका रात्री स्वतःच्या अंगावर कळलं. 1953 मध्ये इंग्लंडात रेल्वेच्या लांब प्रवासानंतर मोजे काढताना त्यांना टाचेत काहीच जाणवेना. सुई टोचली, तरी नाही. आपल्याला कुष्ठरोग झाला, अशी खात्री होऊन रात्र जागून काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि कळ आली. प्रवासात नस दबली होती, एवढंच. त्या कळेइतका आनंद आपल्याला कधी झाला नसेल, असं ते सांगत. पुढे फिलिप यान्सी यांच्यासोबत त्यांनी वेदनेवर एक पुस्तकच लिहिलं.

हे काम एकट्याचं नव्हतं. पत्नी डॉ. मार्गारेट यांनी कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांचं काम हाती घेतलं. डॉ. मेरी वर्गीस यांचं 1954 च्या मोटार अपघातात कमरेखालचं अंग लुळं पडलं, तरी त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करत राहिल्या. आपल्याकडे पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी पन्नासच्या दशकात असंच काम सुरू केलं. अंतिया ख्रिस्ती नव्हते, ही गोष्ट मला मोलाची वाटते. हातमोजे काढण्याचं धैर्य ब्रँड यांना श्रद्धेतून आलं, पण त्यांनी शोधलेली रीत कुणालाही वापरता आली.

एका रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून ब्रँड उपचार समजावत होते, तेव्हा तो माणूस रडू लागला. आपलं काही चुकलं का, असं त्यांनी दुभाषाला विचारलं. उत्तर आलं, कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता, म्हणून तो रडतो आहे.

ब्रँड 2003 साली गेले. आज या रोगावर सहा किंवा बारा महिन्यांचा औषधोपचार आहे, सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो, आणि औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच संपते. तरीही भारतात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं कळत नसेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तो दाखवा.