बालपणातील दांडगाईचे दीर्घकालीन मानसिक परिणाम

बालपणातील दांडगाई (बुलिंग) म्हणजे एका मुलाला इतर मुलांनी हेतुपुरस्सर व वारंवार दिलेला शारीरिक, शाब्दिक किंवा सामाजिक त्रास होय. ‘पोरांची चिडवाचिडवी’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होत असे. मात्र गेल्या काही दशकांतील दीर्घकालीन अभ्यासांत तिचे परिणाम प्रौढ वयातही आढळले आहेत.

व्याख्या व स्वरूप

नॉर्वेत कार्य केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांना या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचे प्रवर्तक मानले जाते. त्यांच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: इजा करण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोन बाजूंमधील बळाची विषमता. बरोबरीच्या दोन मुलांचे भांडण दांडगाईत मोडत नाही. ज्याला प्रतिकार करता येत नाही, त्यालाच पुन्हापुन्हा लक्ष्य करणे हे तिचे मुख्य लक्षण होय. मारहाण, डबा किंवा वह्या हिसकावणे, रंग, व्यंग, जात, बोली वा तोतरेपणावरून नावे ठेवणे, खेळात न घेणे, अबोला धरणे आणि भ्रमणध्वनीवरून बदनामी करणे हे तिचे प्रकार आहेत.

दीर्घकालीन परिणाम

ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास पन्नाशीपर्यंत करण्यात आला. त्यांपैकी ७,७७१ जणांच्या माहितीवर आधारलेला शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. सातव्या व अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार त्रास झाला होता, त्यांच्यात पंचेचाळिशीत नैराश्य, चिंताविकार व आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण अधिक आढळले. पन्नासाव्या वर्षी त्यांचे सामाजिक संबंध तुलनेने क्षीण होते. बुद्ध्यंक, घरची आर्थिक स्थिती व आधीच्या भावनिक अडचणी हिशेबात घेऊनही हा संबंध टिकून राहिला.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १,४२० मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्रास सोसणाऱ्यांत पुढे चिंताविकार अधिक दिसले. त्रास देणाऱ्यांत समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचा धोका वाढलेला होता. जी मुले स्वतः त्रास सोसत आणि दुसऱ्यांनाही देत, त्यांची स्थिती सर्वांत गंभीर होती. यावरून दांडगाई दोन्ही बाजूंना हानिकारक ठरते.

हे निष्कर्ष समूहाविषयीचे असून प्रत्येक पीडित मूल पुढे आजारी पडतेच असे नाही.

परिणाम टिकण्याची कारणे

बालवयात स्वतःविषयीची प्रतिमा घडत असते. रोज ऐकलेले हिणवणे मुलाला कालांतराने खरे वाटू लागते व ‘दोष माझ्यातच आहे’ अशी समजूत रुजते. सतत सावध राहण्याच्या सवयीमुळे नव्या ओळखीतही अवमानाची शंका येते. शाळेची धास्ती, अनुपस्थिती व अभ्यासातील पिछेहाट यांमुळे पुढील संधीही कमी होतात. घरी सांगितल्यास त्रास वाढेल या भीतीने अनेक मुले गप्प राहतात आणि मदत उशिरा मिळते.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतीय समाजात बळाची विषमता पुष्कळदा जातीतून येते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील धामणगाव येथे जन्मलेले लेखक दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बालपणी वाट्याला आलेला जातीय अवमान आणि प्रौढपणीही न सुटलेली त्याची सल त्यात नोंदली आहे. सुशिक्षित ‘दया’ला जुना ‘दगडू’ आपली कहाणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. हा वैद्यकीय पुरावा नव्हे आणि त्यातील अवमान केवळ मुलांकडून झालेला नाही. परंतु बालपणीची लाज मोठेपणीही सोबत कशी राहते, हे त्यातून समजते.

याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव परिसरातून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. वर्षाच्या मध्यातच शाळा सुटलेले मूल परतल्यावर अभ्यासात मागे आणि मित्रांपासून तुटलेले असू शकते. अशा मुलाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष देणे आवश्यक ठरते.

संरक्षक घटक व प्रतिबंध

इंग्लंड व वेल्समधील जुळ्या मुलांच्या अभ्यासात (२०१०) आईची माया, भावंडांचा जिव्हाळा व घरातील शांत वातावरण यांमुळे पीडित मुले तुलनेने सावरलेली दिसली. फिनलंडमधील ‘किवा’ हा शालेय उपक्रम बघ्या मुलांवर भर देतो. बघ्यांनी हसणे थांबवले की त्रास देणाऱ्याची प्रतिष्ठा ओसरते. शिक्षकाने तक्रार मन लावून ऐकणे, दोन्ही मुलांशी स्वतंत्रपणे बोलणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा चौकशी करणे उपयुक्त ठरते. पीडिताला सर्वांसमक्ष उभे करून विचारणे किंवा घाईने हस्तांदोलन करवणे टाळावे.

कायदा व मदत

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार शैक्षणिक संस्थेतील रॅगिंगसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करणे बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील आरोपींना बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. मानसिक आरोग्यविषयक समुपदेशनासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. बालपणीच्या छळाचा त्रास प्रौढ वयात जाणवणाऱ्यांनाही या सेवेचा लाभ घेता येतो.