दोन भारांचा फरक

गावपातळीवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली तपासणी एका छोट्या काचनळीत होते. बोटातलं थेंबभर रक्त रसायनात सोडायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का, ते बघायचं. रेघा स्वच्छ दिसल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर रक्तात ‘एस’ जातीचं हिमोग्लोबिन आहे. या सोल्युबिलिटी टेस्टला खर्च नगण्य येतो आणि वीजही लागत नाही. पण तिचं उत्तर अर्धं असतं. ‘एस’ आहे एवढंच ती सांगते. त्याच्या जोडीला नेहमीचं ‘ए’ आहे की नाही, हे सांगत नाही. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला धडधाकट वाहक आणि दोघांकडूनही तो आलेला रुग्ण, दोघांच्या नळ्या सारख्याच गढूळ होतात. एकाला फक्त लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्यायला सांगायचं असतं, दुसऱ्याला जन्मभराचे उपचार हवे असतात. हा फरक दाखवणारं जे यंत्र आहे, त्याचा हा परिचय.

आधी त्याची गरज कुठे पडते, ते एका गावावरून बघू. हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा हे नांदेड-हिंगोली वाटेवरचं, केळीच्या पट्ट्यातलं गाव. याच तालुक्यात आंध या आदिवासी समाजाची मोठी वस्ती आहे आणि आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही कळमनुरीलाच आहे. सिकलसेल काही एकाच जमातीचा आजार नाही. तरी महाराष्ट्रात आदिवासी आणि काही मागास समाजांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आढळतं. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. पुढे पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी राज्यभर पाहण्या केल्या. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचं प्रमाण वीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत जातं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार हे जिल्हे त्यांच्या नकाशावर ठळक होते. यातलं यवतमाळ कळमनुरीच्या शेजारचंच. पैनगंगा ओलांडली की पलीकडे.

डोंगरकड्यासारख्या गावात नळी गढूळ झाली, तर पुढचा रस्ता लांबचा असतो. शिरेतलं रक्त घ्यायचं, ते थंड डब्यातून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं, अहवालाची वाट बघायची. तोवर मजूर ऊसतोडीला निघून जातो, मुलगी सासरी जाते, फोन नंबर बदलतो. अहवाल येतो, पण ज्याचा आहे तो माणूस सापडत नाही.

मोठ्या प्रयोगशाळेत त्या रक्ताचं जे केलं जातं, त्याचं नाव इलेक्ट्रोफोरेसिस. तत्त्व सोपं आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिनवर काहीच नसतो. बीटा साखळ्या दोन, म्हणून प्रत्येक रेणूमागे दोन ऋण भार कमी. बाकी रेणू जवळपास तसाच. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसणं शक्य नाही, वजन करून कळणंही अवघड. पण थोड्या अल्कधर्मी द्रावणात भिजवलेल्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून दोन टोकांना वीज जोडली, की सगळं हिमोग्लोबिन धन टोकाकडे सरकू लागतं आणि ज्याचा भार कमी ते मागे पडतं. शंकरपटात दोन गाड्या सारख्याच वजनाच्या असाव्यात आणि एकीचे बैल जरा कमी ओढणारे असावेत, तसं हे. थोड्या वेळाने पट्टीवर ‘ए’ पुढे आणि ‘एस’ मागे अशा वेगळ्या रेषा उमटतात. दोन्ही रेषा असल्या तर वाहक. मागची ठळक आणि ‘ए’ची जागा रिकामी असेल तर रुग्ण.

ही शर्यत पहिल्यांदा लावली ती लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९४९ साली. त्यांच्या हाती स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांच्या पद्धतीचं उपकरण होतं. यू आकाराच्या नळीत द्रावण भरून त्यातल्या प्रथिनांची सरकती सीमा प्रकाशाच्या साहाय्याने टिपणारं हे यंत्र खोली व्यापून बसे आणि एक तपासणी तासन्‌तास चाले. टिसेलियस यांना त्याबद्दल १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पॉलिंग यांच्या निबंधामुळे एखादा आजार एका रेणूतल्या बिघाडातून होऊ शकतो, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं आहे, हे व्हर्नन इन्ग्रम यांनी पुढच्या काही वर्षांत शोधलं. म्हणजे विजेने आधी फरक दाखवला, रसायनशास्त्राने नंतर त्याचं कारण सांगितलं.

खोलीभर यंत्राचं टेबलावरचं यंत्र झालं ते कागद, सेल्युलोज ॲसिटेट आणि जेल यांच्या पट्ट्यांमुळे. टेबलावरून ते हातात आलं अगदी थोड्या द्रवावर काम करणाऱ्या सूक्ष्मप्रवाही चिपमुळे. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उमुट गुरकान यांच्या प्रयोगशाळेत ‘हीमचिप’ तयार झाली; ‘गॅझेल’ या नावाने तिचं बॅटरीवर चालणारं उपकरण बाजारात आलं आणि मध्य भारतातल्या रुग्णांवरही त्याच्या चाचण्या झाल्या. हाताच्या पंजात मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात सेल्युलोज ॲसिटेटची छोटी पट्टी असते. बोटातलं रक्त पाण्यात मिसळून पेशी फोडायच्या, त्यातला अगदी सूक्ष्म थेंब पट्टीवर टेकवायचा, खोकं यंत्रात सारायचं. हिमोग्लोबिन मुळातच लाल, त्यामुळे ते दिसण्यासाठी वेगळा रंग द्यावा लागत नाही. यंत्रातला कॅमेरा रेषा सरकताना टिपतो आणि दहा मिनिटांच्या आत निकाल पडद्यावर येतो.

हे इतकं लवकर कसं होतं? विजेच्या जोराने कण पळतात, पण त्याच विजेने द्रावण तापतं. मोठ्या पात्रात ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, रेषा पसरट होतात, म्हणून वीज बेताने द्यावी लागते. पात्र जितकं लहान, तितका त्याचा पृष्ठभाग आतल्या द्रवाच्या मानाने मोठा आणि उष्णता तितकी चटकन निघून जाते. मग वीज जोरात देता येते आणि अंतरही कमी कापावं लागतं. लहान करण्यात जागा वाचते हा वरचा फायदा. खरा फायदा वेळेचा आहे.

याच कुळातलं दुसरं तंत्र त्याहून चलाख आहे. त्याचं नाव डायइलेक्ट्रोफोरेसिस. हर्बर्ट पोल यांनी १९५१ साली हे नाव दिलं. इथे कणावर विद्युतभार असण्याचीही गरज नसते. एका बाजूला तीव्र आणि दुसऱ्या बाजूला सौम्य असं असमान विद्युतक्षेत्र लावलं, की त्यातला प्रत्येक कण थोडाफार ध्रुवित होतो, म्हणजे त्याची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण होते. भोवतालच्या द्रवापेक्षा तो जास्त ध्रुवित झाला तर तीव्र बाजूकडे ओढला जातो, कमी झाला तर तिच्यापासून दूर ढकलला जातो. प्रत्यावर्ती विजेची वारंवारता बदलली की तोच कण दिशाही बदलू शकतो. पोल यांनी १९६६ साली याच युक्तीने यीस्टच्या जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगळ्या करून दाखवल्या. हे बळ कणाच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतं, म्हणून रेणूपेक्षा अख्ख्या पेशीवर ते चांगलं चालतं. दोन विद्युतअग्रांमध्ये पन्नास मायक्रोमीटरचं अंतर असेल तर दहा व्होल्टमध्येच सेंटिमीटरला दोन हजार व्होल्टचं क्षेत्र मिळतं. तेच पाच सेंटिमीटरच्या पात्रात मिळवायला दहा हजार व्होल्ट लागले असते. म्हणून हे तंत्र खऱ्या अर्थाने वाढलं ते चिप आल्यावरच. मलेरियाचा परजीवी शिरलेल्या लाल पेशीचं आवरण गळकं होतं, तिचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि ती निरोगी पेशीपासून अशा चिपमध्ये वेगळी करता येते. सिकलसेलचा जनुक टिकून राहिला तोही मलेरियामुळेच; वाहकाला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काहीसं संरक्षण मिळतं, हे ॲलिसन या संशोधकाने १९५४ मध्ये दाखवलं होतं.

‘गॅझेल’सारख्या यंत्राचं कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अल्कधर्मी पट्टीवर ‘एस’ आणि ‘डी’ जातीची हिमोग्लोबिनं एकाच जागी येतात. शंका आली तर एचपीएलसी ही मोठ्या प्रयोगशाळेतली तपासणी करावीच लागते. गेल्या तीनेक महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर रक्तदात्याचं ‘ए’ पट्टीवर दिसतं आणि रुग्ण वाहक वाटू शकतो. नवजात बाळात गर्भावस्थेतलं ‘एफ’ हिमोग्लोबिन भरपूर असतं, तिथे निकाल जपून वाचावा लागतो. शिवाय प्रत्येक तपासणीला नवं खोकं लागतं. यंत्र एकदा खरेदी होतं, खोकी सतत यावी लागतात. सरकारी कपाटात धूळ खाणारी कितीतरी यंत्रं बिघडलेली नसतात. त्यांचं साहित्य संपलेलं असतं.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट तेव्हा ठरलं. त्यात सोल्युबिलिटी, एचपीएलसी, इलेक्ट्रोफोरेसिस यांच्या सोबतीने प्रतिपिंडांवर चालणाऱ्या झटपट पट्ट्याही आहेत. चिपला त्यांच्याशी किमतीत आणि सोपेपणात स्पर्धा करावी लागेल. कोणतं साधन जिंकतं याला फार महत्त्व नाही. तपासणी झालेला माणूस केंद्रातून बाहेर पडण्याआधी त्याला आपण वाहक की रुग्ण हे कळलं पाहिजे, आणि ते समजावून सांगायला आशाताई किंवा सिस्टरकडे दहा मिनिटं पाहिजेत. माझ्या मते या अभियानाचं यश तपासणीच्या आकड्यांवर नाही, या एका कसोटीवर मोजावं.

वाचकांपैकी कुणाच्या घरी लग्नाचा विषय असेल, तर दोघांचीही सिकलसेल तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या आणि नळी गढूळ झाली तर तिथे न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा अहवाल मागा. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. डॉक्टरांचा सल्ला गरोदर राहण्याआधी घ्या. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन पूर्णपणे नेहमीचं असेल, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. वाहक आजारी नसतो, आणि वाहक आहे म्हणून कुणाचं स्थळ नाकारण्याचं कारण नाही.