सामाईक टाकी आणि तिची झडप

मुलुंडला राहणारा एक कामगार आपल्या आईला दोन हजार रुपये पाठवतो असे समजू. आई राहते कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आणि तिचे खाते आहे तिथल्या सहकारी बँकेत. पूर्वी हे काम मनीऑर्डर करी आणि पोस्टमनची वाट पाहण्यात काही दिवस जात. आता मोबाइलवर आकडे दाबले की काम झाले. पण या काही सेकंदांत प्रत्यक्षात घडते काय?

नोटा कुठेच जात नाहीत, जातात ते संदेश. मुलाची बँक त्याच्या खात्यातून रक्कम वजा करते. 'एवढे जमा करा' हा निरोप आईच्या बँकेकडे पोचवण्याचे काम वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय ही संस्था करते. हा निरोप घ्यायला आईच्या बँकेचा संगणक अहोरात्र जागा हवा. त्यासाठी यंत्रे हवीत, अखंड वीज हवी आणि पहाऱ्याला जाणकार माणसे हवीत. चार-पाच शाखांच्या बँकेला हा खर्च कसा झेपणार? म्हणून अशा अनेक बँका मिळून एकाच कंपनीची यंत्रणा वापरतात. चाळीत प्रत्येकाचा नळ वेगळा असतो, पण गच्चीवरची टाकी एकच, तसेच हे.

ही टाकी ३१ जुलै २०२४ रोजी बंद करावी लागली. सुमारे तीनशे लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही संगणकांवर खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला. असा प्रोग्राम फायली चोरतोच असे नाही. तो त्या गुप्त लिपीत बदलून टाकतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. लागण पसरू नये म्हणून एनपीसीआयने या कंपनीचा जोड तात्पुरता तोडला. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, तो पूर्ववत झाला. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा फारच थोडा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, असे तेव्हा सांगितले गेले. पण त्या दिवशी औषधासाठी पैशांची वाट पाहणाऱ्या आईला या टक्केवारीचा काय उपयोग?

पैसे मधेच हरवले तर, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. वजा झालेली रक्कम जमा झाली नाही, तर ती आपोआप परत करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार त्यासाठी पुढच्या दिवसापर्यंतची मुदत असते आणि त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई.

मग प्रत्येकाने आपापली टाकी बांधावी का? आम्हाला तसे वाटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस या मोठ्या सहकारी बँकेतून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. 'खात्यात पैसे आहेत का?' हा प्रश्न बँकेच्या मूळ संगणकापर्यंत पोचूच दिला नाही. मधेच त्यांचा बनावट संगणक 'आहेत' असे उत्तर देत राहिला. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर लहान बँक एकटी काय करणार? सामाईक यंत्रणेला निदान चांगले पहारेकरी परवडतात. पण टाकीचा दाखला इथे थोडा अपुरा पडतो. नळातले पाणी सहसा उलटे टाकीत चढत नाही, संगणकातली लागण मात्र चढते. म्हणून प्रत्येक बँकेच्या कप्प्यामध्ये भिंत हवी, ठिकठिकाणी झडपा हव्यात आणि नोंदींची एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडून ठेवलेली हवी. ती प्रतही जोडलेलीच असेल, तर तीही गुप्त लिपीत जाते.

आता हे जाळे गावच्या सोसायटीपर्यंत पोचते आहे. देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था एकाच सामाईक प्रणालीवर आणण्याची २,५१६ कोटींची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली. पीककर्ज, खत, वसुली या साऱ्यांची नोंद सोसायटीचा सचिव संगणकावर करील. त्याच संगणकाला कुणी गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावला, तर मधली कोणती झडप आधी बंद व्हायला हवी? वर्गात फळ्यावर हे जाळे काढून मुलांनाच विचारून पाहा.