रात्रपाळीची झोप आणि शरीरातले घड्याळ

कारखाना, रेल्वे, रुग्णालय, पहारा, साफसफाई ही कामे रात्रीही थांबत नाहीत. आपल्या वस्तीत दोन-चार घरांआड रात्रपाळी करणारे कोणीतरी असतेच. सकाळी माणूस घरी येऊन अंथरुणावर पडतो आणि दुपारी बाराच्या आतच जागा होतो. संध्याकाळी चिडचिड, डोके जड, भूक नाही. घरचे म्हणतात, "दिवसभर तर झोपून असता!" पण यात दोष माणसाचा नसतो. त्याचे शरीर बाहेरच्या उजेडाचे ऐकत असते.

मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवले जाते. अंधार पडला की त्याचा निरोप मज्जातंतूंमार्फत मेंदूतील पीनियल ग्रंथीकडे जातो आणि ती मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडते. शरीराला कळते, रात्र झाली. भरपूर उजेड आला की हा स्राव आटतो. पहाटे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवतात आणि शरीर कामाला सज्ज होते. नेमक्या त्याच वेळी रात्रपाळीचा कामगार झोपायला निघालेला असतो. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, हे पिकलेल्या फळांभोवती फिरणाऱ्या माश्यांवर प्रयोग करून शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

उजेडासारखाच आवाज. कुकरची शिट्टी, टीव्ही, दार आपटणे. झोपेतही कान ऐकत असतात. मज्जासंस्था अचानक आलेला आवाज धोका समजते, ॲड्रेनॅलिन वाढते, छातीचे ठोके वाढतात. माणूस उठला नाही तरी झोप उथळ होते.

हे वर्षानुवर्षे चालले तर मधुमेह व हृदयविकाराचा संभव वाढतो. रात्री खाल्लेल्या अन्नातली साखर शरीराला दिवसाइतकी नीट पचवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले व २०१९ साली तेच मत कायम ठेवले. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होतो असा नव्हे. पण काळजी घ्यायलाच हवी.

पाळी बदलणे आपल्या हाती नसते. घरात मात्र बरेच करता येते. खिडकीला जाड, गडद कापड लावा. एकच खोली असेल तर डोळ्यांवर काळी पट्टी बांधा, कानात बोळे घाला. झोपेची वेळ रोज तीच ठेवा. मध्यरात्री पोटभर जेवू नका, हलके खा. पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळा. मधुमेह वा रक्तदाबाचे औषध चालू असेल तर त्याच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि एक गोष्ट. रात्रपाळीवरून आलेला पुरुष निदान आडवा तरी होतो. रुग्णालयातून रात्र काढून आलेली आपली आई, बहीण, सून मात्र थेट स्वयंपाकाला लागते. तिच्याही ग्रंथी त्याच नियमाने चालतात. त्या दिवशी डबे, पाणी, मुलांची शाळा घरातल्या इतरांनी पाहावे आणि तिला सलग सहा-सात तास झोपू द्यावे.